वाचन-पेटीतलं कार्ड

"यंत्र जागेवर आहे, आठही हेडफोन जागेवर आहेत. फक्त आतलं मेमरी कार्ड गेलं," मुख्याध्यापिका माधवीबाई म्हणाल्या.

पालेगावातल्या त्यांच्या शाळेला गुरुदत्त नावाच्या निवृत्त कारखाना अधिकाऱ्यांनी वाचन-पेटी भेट दिली होती. मुलांनी माइकसमोर धडा वाचायचा आणि नंतर वर्गाच्या बाईंनी हेडफोन लावून कोण कुठे अडतंय ते टिपायचं. दुसरीच्या चाळीस मुलांचं वाचन भरून झालं होतं. सोमवारी ते ऐकायचं होतं, आणि शुक्रवारी सकाळी कार्ड नाहीसं झालं.

अंबरनाथची खासगी तपासनीस सुनेत्रा तासाभरात आली. सोबत तिचा दीर वरद होता. पेटी ठेवलेल्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं, किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली.

"वहिनी, शिपायाचंच काम," वरद कुजबुजला.

शिपाई सदू कळवळून म्हणाला, "माज्या नातीचा आवाज हाय त्यात, ताई. पैल्यांदाच न अडखळता वाचलान तिनं. सोमवारी बाई ऐकनार म्हनून गावभर सांगत सुटलो होतो मी!"

आदल्या दिवशी पेटीची वायर बदलून गेलेला मेकॅनिक जितेश उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या दुकानात सापडला. तो हसलाच. "मॅडम, असली कार्डं इथे डबाभर पडलीत. चोरायचंच असतं तर हेडफोन उचलले असते ना? एक नंबर माल आहे."

दोघं शाळेत परतले. दुसरीच्या वर्गशिक्षिका उमाबाई मुलांसमोर फळा पुसत होत्या.

"बाई, किल्ली तुम्ही घेतली होती का?" वरदने मागून विचारलं. त्या पुसतच राहिल्या. सुनेत्रा समोर येताच मात्र त्यांनी हसून नमस्कार केला.

सुनेत्राने चहाचा कप ओठांशी धरला आणि हळू विचारलं, "कार्ड शेवटचं कधी पाहिलंत?"

"गार्ड? आपल्याकडे गार्ड कुठला? सदूकाकाच बघतात सगळं."

कप खाली ठेवून सुनेत्राने तोच प्रश्न तितक्याच हळू विचारला.

"काल दुपारी," उमाबाई लगेच म्हणाल्या.

त्या पुन्हा मुलांकडे वळल्या. थोड्या वेळाने शाळा सुटल्याची घंटा वाजली. उमाबाई मुलांना शब्द सांगतच होत्या; पोरं दप्तरं उचलू लागलेली दिसली, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

"पोरं गेली की ऑफिसात या, बाई," सुनेत्रा म्हणाली.

ऑफिसात माधवीबाईंसह चौघंच होते.

"चोराला वस्तू नको होती, नाहीतर हेडफोन गेले असते," सुनेत्राने सुरुवात केली. "म्हणजे जितेश नाही. सदूला सोमवार हवा होता. मग सोमवार कोणाला नको होता? जिला ते आवाज ऐकून दाखवावे लागणार होते, तिला. उमाबाई, मागून हाक मारली तर तुम्हाला कळत नाही. ओठ झाकले की 'कार्ड'चं 'गार्ड' होतं, ओठ दिसले की उत्तर अचूक. घंटासुद्धा तुम्ही मुलांकडे बघून ओळखता."



उमाबाईंनी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "दोन वर्षं झाली. पोरांना समोर बसवून, ओठ बघून शिकवते. माइकच्या आवाजाला ओठ नसतात हो. कळलं असतं तर ठेवलं असतं का मला?"

"मला विचारायचं तरी होतंत," माधवीबाई म्हणाल्या. "उद्या माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे यायचं. वर्ग तुमचाच राहील."

सुनेत्राने कार्ड यंत्रात घातलं, आवाज पूर्ण वाढवला आणि हेडफोन उमाबाईंच्या हाती दिले. "एकदा लावून तर बघा."

उमाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग रेकॉर्डिंग थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"हा सुयोग," त्या सावकाश म्हणाल्या. "'शाळा'ला 'साळा' म्हणतो. ओठांवरून मला कधी कळलंच नाही." डोळे पुसून त्यांनी वही ओढली, सुयोगच्या नावापुढे खूण केली आणि पुढचा आवाज लावला.