माईकचं तोंड बांधाकडे

"माईक हलवू नको दामिनी, बुलबुल उडून जाईन," ऋषिकेश कुजबुजला.

पण दामिनीचं लक्ष बुलबुलाकडे नव्हतंच. कानांवर मोठे हेडफोन, हातात लांबुळका शॉटगन माईक, आणि नजर पलीकडच्या बांधावर. संत्र्यांच्या झाडांमागून काहीतरी वाजत होतं. टण्... टण् टण्... मग शांत. पुन्हा टण्.

दिवाळीच्या सुट्टीत ती मामेभाऊ ऋषिकेश आणि मैत्रीण करुणा यांच्यासोबत पांढुर्ण्याहून सौंसरजवळच्या आजोबांच्या बागेत आली होती. करुणाचा मोठा भाऊ राहुल तिथे संत्रातोडणीवर छोटी फिल्म बनवत होता. कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून तो सौंसरला गेला, आणि तोवर पाखरांचे आवाज टिपायचं काम तिघांवर सोपवून गेला. हा माईक काही दूरचं जवळ आणत नाही, असं त्याने बजावलं होतं. त्याचं तोंड जिकडे असेल, तिकडचं तो नीट ऐकतो आणि आजूबाजूचं दाबून टाकतो, एवढंच.

दामिनीने माईक डावीकडे वळवला, तसा आवाज विरला. पुन्हा बांधाकडे धरला, आणि टण् टण् परत आलं. कोणीतरी स्टीलचा डबा दगडावर आपटत असावं, असं तिला वाटलं.

तिघं धावत ठेकेदार गजेंद्रकडे गेली. त्याने आजोबांच्या बागेतला माल तोडायला घेतला होता. त्याचा ट्रॅक्टर उगाचच धडधडत उभा होता आणि त्यावरच्या स्पीकरवर गाणी ठणाणत होती. बकरीची घंटी असेल, असं म्हणून त्याने हात झटकला. बांधाकडे फिरकायचं नाही, अशी वर तंबीही दिली.

तोडणीवरच्या बायांना मात्र काळजी लागली होती. त्यांच्यातली कुसुममावशी जेवण झाल्यावर डबा धुवायला गेली, ती परतलीच नव्हती. गजेंद्रचं म्हणणं, ती बसने जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली असेल.

करुणाने झाडाकडे बोट दाखवलं. फांदीला कुसुममावशीची पिशवी लटकत होती. पिशवी सोडून कोण बसमध्ये बसेल?

"एवढ्या गोंगाटात काहीच कळत नाही," दामिनी म्हणाली. "आधी हे बंद झालं पाहिजे."

ते आपल्या सांगण्याने होणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. मग करुणाच्या डोळ्यांत एकदम चमक आली. तिने स्टँडवरचा कॅमेरा उचलून गजेंद्रसमोर आणून ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की फिल्ममध्ये ठेकेदारांची मुलाखत हवी आहे.

गजेंद्रने लगेच केसांवरून कंगवा फिरवला. "मले घेऊन राहिले का फिल्ममध्ये? घ्या ना मग."

"घेतो ना काका. पण ट्रॅक्टर अन् गाणे बंद करा. तुमचा आवाज दबून राहिला."

ट्रॅक्टर थांबला, गाणी थांबली. गजेंद्रने तोडणीवाल्यांनाही गप्प बसवलं आणि बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्याकडे पाहत तो आपली थोरवी सांगू लागला. करुणा मान डोलवत राहिली. तेवढ्यात दामिनी आणि ऋषिकेश झाडांच्या ओळीतून वाकून पळत सुटले.

बांधाजवळ दामिनीने श्वास रोखला आणि माईक हळूहळू फिरवला. इकडे नाही. इथेही नाही. समोर वाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, ढीग होता. तिकडे तोंड करताच तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. टण्, आणि त्यापाठोपाठ कण्हल्यासारखा बारीक आवाज, "कोणी हाये का वं..."

ऋषिकेश पुढे धावला. आवाज जमिनीखालून येतोय हे ओळखून दामिनीने त्याचा शर्ट गच्च धरून त्याला मागे ओढलं. त्याच्या पायापुढच्या काड्या कडकन मोडून खाली गेल्या आणि काळंकुट्ट भगदाड दिसलं. जुनी कोरडी विहीर होती ती! तिच्या काठाचे दगड कुणीतरी काढून नेले होते आणि वर नुसत्या पऱ्हाट्या टाकल्या होत्या.

"मावशी, हलू नका. आम्ही आलो," दामिनी पालथी पडून ओरडली. ऋषिकेश माणसं बोलवायला धावला.

दोर आले, खाट आली. दोघं जण खाली उतरले आणि कुसुममावशीला खाटेला बांधून अलगद वर काढलं. पाय मोडला होता, ओठ सुकले होते, पण ती शुद्धीत होती. ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा डबा वाजवत राहिले, असं तिने सांगितलं. तिला सौंसरच्या दवाखान्यात नेण्यासाठी जीप आली, तरी तिने दामिनीचा हात सोडला नव्हता.

आजोबा पुंडलिकराव विहिरीपाशी उभे होते. त्यांनी गजेंद्रला एवढंच विचारलं, की दगड कुठे गेले. माल ठेवायच्या शेडच्या पायाभरणीत घातले, काठ नंतर बांधू म्हटलं होतं, असं तो खाली मान घालून पुटपुटला.

"आजच बांधायला घे," आजोबा म्हणाले. "अन् विहीर माझी आहे, म्हणून पहिला दगड मी उचलतो."

मग ते तिघांकडे वळले. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी दामिनीच्या डोक्यावर हात ठेवला.

"एवढे मोठे माणसं होतो आम्ही बागेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण कान फक्त या पोरांनीच दिला."