उधव्याच्या रस्त्यावर धरणारा ब्रेक

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा मामा, नविन. तलासरीत त्याचं गॅरेज आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली आणि परत विचारू नकोस म्हणाला.

डिसेंबर २०१७. रात्र नव्हती. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

जयश्रीबाई राहायला उधव्याला, शिकवायला तलासरीच्या शाळेत. गाडी पांढरी, वीस वर्षं जुनी. तक्रार एकच. सकाळी येताना एका ठरावीक जागी पुढचं डावं चाक धरतं, गाडी थांबते. पाच मिनिटांनी आपोआप सुटते. संध्याकाळी परतताना काहीच नाही.

मामाने गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं. जड फिरत होतं. ब्रेक ऑइलची निपल, म्हणजे ऑइल सोडायचा बारका स्क्रू, सैल करून दाब घालवला, तरी चाक हलकं होईना. म्हणजे दोष चाकाला धरणाऱ्या कॅलिपरमध्येच. उघडल्यावर दिसलंच. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजलेल्या, पिस्टनही अडकलेला. जुन्या गाडीचं नेहमीचं दुखणं. मामाने पिना घासल्या, ग्रीस लावलं, पिस्टनचं रबर बदललं. चाक एका बोटाने फिरू लागलं.

तिसऱ्या दिवशी बाई परत हजर.

तीच जागा. तेच चाक.

मामा इरेला पेटला. त्याने आता कॅलिपरच नवा बसवला. राहिली ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल उघडायची. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाईच सीटवर बसल्या.

मामा खालून सांगत होता. दाबा. धरा. सोडा.

पेडल दाबलं जाई, नळीतून ऑइल येई, बुडबुडे येत.

दाबा… धरा… सोडा…

बुडबुडे संपले. मामाने निपल कसली आणि हात पुसत उठला.

सीटवर कुणीच नव्हतं…

बाई रस्त्याच्या पलीकडे फोनवर बोलत होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, शाळेतून फोन आला म्हणून लगेच उतरले, तुम्हाला सांगून गेले होते.

किती वेळ झाला, मामाने विचारलं.

दहा मिनिटं तरी झाली असतील.

मामा बाईंना गाडी ठेवून जा, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गाडी घेऊन उधव्यापर्यंत गेला आणि तिथून मागे वळला.

रस्त्याला दोन ताड आहेत. तिथवर गाडी मस्त पळाली.

मग जड झाली…

त्याचा पाय पेडलवर नव्हता. तरी गाडी थांबली.

ब्रेक धरला की चाक इतकं तापतं की हात लावता येत नाही. जळका वास सुटतो. मामाने खाली उतरून हात नेला.

चाक गार होतं. विहिरीच्या तळच्या दगडासारखं गार.

बांधावर एक म्हातारी उभी होती. जवळच्याच पाड्यावरची, शुक्री नावाची. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. मामाने विचारलं तसं तिने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तिची लेक चिमी याच ताडाखाली कळा देत बसली होती. दवाखान्यात न्यायला काही मिळत नव्हतं. तेवढ्यात ही पांढरी गाडी आली. शुक्रीने हात केला. गाडी हळू झाली… आणि पुढे निघून गेली. चिमी तिथेच गेली. पोटातलं बाळही.

"तेव्हा नाही थांबली," शुक्री म्हणाली. "आता रोज थांबते."

मामाने जाऊन बाईंना हे सांगितलं.

"शाळेत तपासणी होती त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मागून कुणीतरी येईल."

दुसऱ्या दिवसापासून त्या आपणहून तिथे थांबू लागल्या. त्यानंतर ब्रेकने एकदाही धरलं नाही.

दोन महिन्यांनी मामा काही कामाने उधव्याला गेला होता. सकाळी येताना बाईंच्या गाडीत बसला. ताडांजवळ त्यांनी गाडी थांबवली, उतरून मागचं दार उघडलं. जरा वेळ उभ्या राहिल्या. मग हलकेच दार लावलं.

आणि गाडीची मागची बाजू खाली बसली…

हळूहळू. एखादी भरल्या दिवसांची बाई आधार घेत टेकावी, तशी.

मामाने मागे वळून पाहिलं नाही. तलासरी येईपर्यंत बाई खड्ड्याखड्ड्याला गाडी जपून घेत होत्या. सरकारी दवाखान्याच्या दारात त्यांनी परत मागचं दार उघडलं.

गाडी वर उचलली गेली.

२०१९ मध्ये बाईंची बदली झाली. गाडी घेऊन त्या कोसबाडला गेल्या. त्या ताडांजवळ आता सकाळी कुणी थांबत नाही. मामाही सकाळच्या वेळी त्या रस्त्याने जात नाही. मी म्हटलं, बाईंनी तर तिला दवाखान्यात पोचवलं होतं, मग आता भीती कसली?



"बाई रोज पोचवायच्या तिला," मामा म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत तिथेच बसलेली असायची."