शंख भिजवणारे

नीलचर बेटावर २०६१ सालीही सुट्टीला आलेली माणसं वाकूनच चालत. शंख दिसला की उचलायचा, मनगटावरच्या कवचवाचकासमोर धरायचा, यंत्राने सांगितलेलं नाव ऐकायचं आणि शंख पिशवीत टाकायचा. पुढचा शंख सापडेपर्यंत ते नाव विसरलेलंही असे.

"माकडं नुसती," प्रयोगशाळेच्या खिडकीतून डॉ. निशिकांत सबनीस म्हणाले. शंखशास्त्रात त्यांचा शब्द शेवटचा, असं जगात एक माणूस तरी नक्की मानत असे. त्याची दाढी ते रोज सकाळी स्वतःच करत.

त्यांची सहकारी करुणा तांडेल हिला मात्र आज हसू येत नव्हतं. तिची आई दूर पलीकडच्या किनाऱ्यावर, पालशीच्या खाडीत अजूनही कालवं फोडून पोट भरत होती, आणि या बेटावरची कालवं एका जांभळ्या गोगलगायीने दोन वर्षांत साफ केली होती.

"सर, त्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात, अगदी आतल्या वेढ्यात अंडी असतात. वाळलेली, पण जिवंत. देखणा शंख माणूस उचलतो, लांब नेतो. ज्याला उचललं त्याचाच वंश पसरला, म्हणून दर पिढीला तो अधिक देखणा होत गेला."

"म्हणजे ही माकडं तिचे हमाल. जप्त करा सगळ्यांच्या पिशव्या."

"करून उपयोग नाही. समुद्राच्या पाण्यात आठ तास भिजली तरच अंडी जागी होतात. ही माणसं शंख काचेच्या कपाटात ठेवतात. तिथे काही होत नाही. वंश पसरला तो शंख भिजवणाऱ्यांमुळे."

"खाऱ्या पाण्यात शंख कोण मूर्ख भिजवेल?" सबनीस बोलून गेले.

उत्तर त्यांनाच पाठ होतं. नवा नमुना आला की त्याला गोडं पाणी लावायचं नाही, चकाकी जाते. समुद्राच्याच पाण्यात दिवसभर ठेवून माती सुटू द्यायची. ही रीत त्यांनी तीस वर्षं शिकवली होती, चुकणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि या जांभळ्या शंखाला स्वतःचं नाव देऊन, त्यावर शिक्कामोर्तब व्हावं म्हणून, त्यांनी बत्तीस सागरी प्रयोगशाळांना नमुने धाडले होते. सगळ्या किनाऱ्यावरच्या.

"पालशीला?" करुणाने विचारलं.

सबनीसांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पालशीचं उत्तर परवाच आलं होतं: 'नमुना पोचला. आपल्या रीतीप्रमाणे खाडीच्या पाण्यात भिजवला, पाणी परत खाडीत सोडलं. शंख आपल्या नावाला शोभेल असा आहे.'

"अभिनंदन, सर," करुणा म्हणाली आणि आईला फोन लावला. "आई, दुसरं काही काम बघायला लाग. नाही, तू काही चुकली नाहीस. इथल्या एका शहाण्या माणसाने तुझ्या खाडीला आपलं नाव दिलंय."