पहिला घोट

ताईला चहा हवा होता, म्हणून मी घरी गेलो होतो. एवढंच.

कॅन्सरच्या गाठीने तिच्या जठराची खालची वाट बंद केली होती. पाण्याचा घोटसुद्धा उलटीत बाहेर यायचा. हॉस्पिटलच्या खोलीला कायम आंबट वास. त्या दुपारी डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून तिथे तारेची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवणार होते. ताई त्यांना प्लंबर म्हणायची.

"मोरी मोकळी झाली की पहिला घोट तुझ्या हातचा," स्ट्रेचरवरून ती म्हणाली. "आलं नीट ठेचून घाल. नाहीतर आणशील नुसतं गरम पाणी, शहाण्या."

थर्मास घेऊन परतलो, तर ती खोलीत उशीला टेकून बसली होती. पडदे ओढलेले. आंबट वास नव्हता. कसलाच वास नव्हता.

"इतक्यात आणलंसुद्धा तुला?"

"चहा दे."

"डॉक्टरांना विचारतो ना आधी..."

"पोट माझं आहे की त्यांचं?"

मी झाकणात चहा ओतला. घेताना तिची बोटं लागली. ओल्या फरशीसारखी गार. ती प्यायली. त्या शांततेत घोट उतरताना मला ऐकू आला... गळ्यातून, छातीतून, आणि मग तुंबलेलं पाणी एकदम सुटावं तसा, खाली.

"गेला रे..." ती कुजबुजली.

"तुम्ही इथे?" दारात नर्स उभी होती. "डॉक्टर कधीचे शोधताहेत तुम्हाला."

"ताईला जरा चहा..." म्हणत मी मागे पाहिलं.

पलंगावर चादर ताणलेली होती. एक सुरकुती नाही. उशाशी झाकण. रिकामं.

खाली डॉक्टर माझा खांदा धरून बोलले. भूल देतानाच हृदय थांबलं. दुर्बीण घातलीच नाही. आम्ही विकत आणलेल्या नळीचं खोकं त्यांनी परत दिलं. ते अजून कपाटात आहे, सीलबंद.

दुःखात माणसाला काहीही दिसतं, अशी मी मनाची समजूत घातलीही असती. पण दुसऱ्या दिवशी विद्युतदाहिनीवरच्या माणसाने राखेच्या डब्याबरोबर एक पुडी पुढे केली.

"पोटाच्या जागी सापडलं. धातू आम्ही वेगळा काढतो."

बोटभर लांबीची, तारेची जाळीदार नळी. भट्टीतून निघालेली. माझ्या तळहातावर ती ओली लागली.

मी ती नाकाशी नेली.

आलं. नुकतंच ठेचलेलं.