मागे स्पीकर नव्हता

ही ऐकीव गोष्ट नाही. १९९६ च्या चैत्रात, भर दुपारी, जालन्याच्या मस्तगडात घडली. माझ्याच बाबतीत घडली.

मी शहागडचा. अक्षरं उशिरा शिकलो. त्याआधी जे काही गोड मिळालं, ते कानानंच.

मस्तगडात बद्रीशेठचं स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान होतं. ऐकवल्याशिवाय तो माल विकत नसे. मागच्या खोलीत भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या. आत एक खुर्ची, समोर दोन स्पीकर, बस. कॅसेटचं मशीन बाहेर, शेठजवळ. मध्येच कुणी दार उघडू नये म्हणून तो बाहेरून कडी घालायचा. कॅसेट संपली की काढायचा.

कितीतरी वर्षं मी त्याच्याकडेच जात होतो. जुना सेट तो परत घ्यायचा, त्याहून चांगला द्यायचा.

माझी बायको साळूबाई म्हणायची, "लोकं दारूच्या नादी लागत्यात, तुमी डब्ब्यांच्या!"

त्या दुपारी नवे स्पीकर आले होते.

"बसा मच्छिंद्रभाऊ. आज कान बराबर लावा."

कडी लागली. भजन सुरू झालं. चांगल्या स्पीकरवर माणसं जागच्या जागी दिसतात. बुवा डावीकडे, तबला उजवीकडे, मधे टाळ. मी डोळे मिटले.

आणि मग... एक श्वास.

माझ्या मागून.

मागे स्पीकर नव्हता.

वळून पाहिलं. नुसता कापूस.

कॅसेट संपली. श्वास थांबला नाही. संथ... खुर्चीवर कुणी ओणवं झाल्यासारखा.

मी दारावर मूठ मारली. दारालाही गादी. मूठ रुतली, आवाज नाही. ओरडलो. ओरडणं ओठांपाशीच विरलं.

मी वळलो, की श्वासही वळायचा. कसाही फिरलो तरी तो मागेच.

किती वेळ गेला, माहीत नाही. कडी निघाली.

"शेठ, कॅसेट कवाच संपली! दार का न्हाई उघडलं?"

"काटा हलून राह्यला व्हता," तो म्हणाला.

कॅसेट त्याच्या हातात होती. तरी मशीनवरचा आवाजाचा काटा हळूच चढत होता... हळूच उतरत होता.

त्याच श्वासाच्या लयीत.

"शेठ, आत कुणीतरी हाय."

कोण, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं, "मागून?"

मी मान डोलावली. शेठ स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"दर खेपेला तुमाला अजून चांगला सेट देत गेलो. म्हनलं, कवातरी तुमाला पन ऐकू यील. मी एकटाच ऐकून राह्यलो व्हतो, भाऊ."

"म्हंजी इतकी वर्षं तुमी मला..."

"तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुनाचा न्हाई."

मी काही न घेता निघालो. एसटीत अगदी शेवटच्या बाकावर, पत्र्याला पाठ लावून बसलो. अंबड मागे पडलं...

आणि पत्रा आणि पाठ यांच्यामधून तो श्वास आला.

घरातला सेट विकून टाकला. फरक पडला नाही. साळूबाईला काहीच ऐकू यायचं नाही.

शेठचा राग होता. पण सांगणार कुणाला? शेवटी पुन्हा मस्तगडात गेलो. जातच राहिलो. आम्ही दोघं दुकानात पाठीला पाठ लावून बसायचो. तेवढाच वेळ शांत असायचं.

२००४ साली शेठ गेला.

तेव्हापासून माझ्या मागून दोन श्वास येतात.

त्यातला एक कुणाचा, हे मला अजूनही माहीत नाही.