कोऱ्या फ्लास्कचा वास

राज्याची वाटणी झाली तशी विद्यानगरच्या त्या प्रयोगशाळेतली माणसंही वाटली गेली. काही विजयवाड्याकडे गेली, काही दुसऱ्या इमारतीत. मागे मालतीबाई तेवढ्या उरल्या. ज्यांच्या हाताखाली त्या शिकल्या, ते नामदेवराव वाटणीच्या आधीच वारले होते. मलकपेठेच्या घरीही वाट पाहणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बस चुकली तरी बाईंचं काही बिघडत नसे.

काम नामदेवरावांचंच होतं. पांढऱ्या भुकटीवर सोन्याचे आणि पॅलॅडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण बसवायचे, चिमूटभर भुकटी बेंझाइल अल्कोहोलात टाकायची, तापवायचं, आत ऑक्सिजन सोडायचा. जमलं की कडू बदामाचा वास येतो. वर्षभर तो छान येत होता. आता तपासणीला येणाऱ्या समितीसमोर तो आला तर प्रयोगशाळा टिकणार होती, नाहीतर कुलूप.

समिती विचारणार म्हणून बाईंनी शेजारी ब्लँक लावून पाहिला. सगळं तेच, फक्त भुकटी नाही. त्यातून जवळजवळ काहीच निघायला नको.

बदामाचा वास आला.

ढवळायच्या चुंबकाला जुना पॅलॅडियम चिकटून राहतो आणि ब्लँकही चालून जातो, ही या धंद्यातली नेहमीची चूक. त्यांनी कोरा चुंबक घेतला, फ्लास्क सोनंसुद्धा विरघळवणाऱ्या अम्लराजाने धुतला, मग फ्लास्कही नवा आणला. वास येतच राहिला. शिवाय नामदेवरावांचं स्टूल भिंतीशी लावून ठेवलं तरी सकाळी ब्लँकसमोर सरकलेलं असे.

भीती वाटायला हवी होती. बाईंना बरं वाटलं.

पण समितीच्या दिवशी त्या स्टुलाकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, आज हात लावू नका. माझं मला करू द्या."

झाडणारी गंगू थबकली. "मॅडम, अकेले में किससे बाताँ कर रए?"

"कुछ नईं."

समिती आली. ब्लँकला कसलाही वास नव्हता. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्या भुकटीच्या फ्लास्कवर वाकल्या.

तिथेही वास नव्हता.

त्यांनी तापमान पाहिलं, ऑक्सिजन पाहिला. मंडळी चुळबुळली आणि उठून गेली.

"सर," बाईंनी हाक मारली. खोलीत आता खरोखरच कुणी नव्हतं.

नामदेवराव जिवंत असताना ही भुकटी एकदाही चालली नव्हती. पहिल्यांदा वास आला तो त्यांचं तेरावं उरकून बाई कामावर परतल्या, त्या दिवशी.