प्रमाणनजर

मिरजेच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत त्या सकाळी नजरतुला नावाच्या यंत्राने एकजात सगळ्या धडधाकट माणसांना आजारी ठरवलं.

"यंत्र गेलं कामातून," डॉ. तेजल वाघमोडे वैतागून म्हणाली. "परवा आरोग्य खात्याची माणसं येणार. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या मेंदूत बिघाड आहे, असं सांगायचं का त्यांना?"

"संचालकांच्या मेंदूत काहीतरी सापडलं, हीच मोठी बातमी," असं म्हणत कुमुदताई कपाळ चोळू लागल्या.

डॉ. कुमुद रणदिवे यांनी नजरतुलेसाठी उभं आयुष्य वेचलं होतं. तत्त्व साधं होतं. मेंदूत गाठ वाढू लागली की कधीकधी माणसाचं जगाच्या एका बाजूकडे दुर्लक्ष होतं, आणि ते त्याचं त्यालाच उमगत नाही. यंत्र माणसाला चित्र दाखवी आणि त्याची नजर कुठे किती रेंगाळते ते तोलून पाही. चित्र रोज नवं, कारण ओळखीच्या चित्रावर नजर सवयीने फिरते. मग नव्या चित्रावर निरोगी नजर कशी फिरते, हे यंत्राला कळणार कसं? म्हणून दिवसाची पहिली नजर कुमुदताईंची. तीच प्रमाणनजर, बाकीच्यांची तिच्याशी तुलना. घरातल्या वडीलधाऱ्या बाईने पहिला नारळ वाढवावा, तसा हा मान सुरुवातीपासून त्यांच्याकडे चालत आला होता.

"चुका विखुरलेल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"तेच तर! सगळ्यांची चूक एकाच अंगाला. सगळे म्हणे डावीकडे जास्त बघतात. महिनाभर हे थोडंथोडं वाढतंय."

"बसवराजने आज चहा नाही दिला?"

"केव्हाच दिलाय. तुमच्या डाव्या हाताशी कप साय धरून बसलाय."

कुमुदताईंनी मान वळवली. कप होता खरा. कालही असंच झालं होतं, आणि बिचाऱ्या बसवराजला उगाच बोलणी बसली होती.

सगळ्यांची चूक एकाच अंगाला...

त्यांना ब्राह्मणपुरीतली लहानपणीची खोली आठवली. आई गाणं शिकवायची. एकदा साऱ्या मुली एकदम बेसूर लागल्या. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसल्या. आई मात्र म्हणाली, "सगळ्याजणी चुकतील, पण सारख्याच कशा गं चुकतील?" आणि मुलींना न रागावता तिने तंबोऱ्याची खुंटी पिळली. पुढच्याच क्षणी सूर जुळला.

"तेजल," कुमुदताई हळूच म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे. माणसंही ठीक आहेत. तंबोरा उतरलाय."

"कसला तंबोरा?"

"मी गं! ते डावीकडे जास्त बघत नाहीत. मी कमी बघतेय."

तेजलचा चेहरा उतरला. "ताई, तुमचं डोकं दुखत होतं ना?"

"उठल्याउठल्या दुखतं. उलटीही होते. पित्त समजून आल्याचा रस घेत होते."

"आणि डाव्या दंडावरचा तो काळानिळा डाग?"

"दाराची चौकट लागते सारखी. म्हटलं, वय झालं."

"वय? गावोगाव तुम्हीच सांगता ना, नुसत्या डोकेदुखीला भिऊ नका; पण ती नवी असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, सकाळी जोर करत असेल, उलट्या होत असतील, अंगाची एक बाजू दगा देत असेल, तर घरचे उपाय बंद आणि तडक डॉक्टर गाठा! आणि स्वतः आल्याचा रस?"

"दिव्याखाली अंधार," कुमुदताई म्हणाल्या आणि एकदम खळखळून हसल्या. "अगं, मला कळलं नाही, घरच्यांना कळलं नाही, तुझ्यासारख्या डॉक्टरला कळलं नाही. या नजरतुलेला कळलं! महिनाभर ही जीव तोडून सांगत होती, आणि आपण हिलाच वेडी ठरवत होतो!"

"गाठ असू शकते ताई, आणि तुम्ही हसताय?"

"जन्मभराचं गणित बरोबर आलंय. हसू नको तर काय करू? चल, गाडी काढ."

स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. नशिबाने साधी होती आणि वेळेत सापडली होती. शस्त्रक्रियेला जाताना त्यांनी तेजलला बजावलं, "खात्याच्या माणसांना तोच चुकलेला आलेख दाखव. त्याहून मोठा पुरावा नाही."

आलेख बघून खात्याचे अधिकारी उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. नजरतुला गावोगावच्या आरोग्य केंद्रांत निघाली. आता प्रमाणनजर एकट्या कुणाची राहिली नव्हती. रोज अनेकांच्या नजरांची सरासरी घेतली जाई.

आंबे उतरणीला लागले तेव्हा कुमुदताई परतल्या आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी बसल्या. पडद्यावर आठवड्याचा बाजार उमटला.

"डाव्या कोपऱ्यातल्या कुल्फीच्या गाडीला चित्रकाराने एक चाक कमी काढलंय," त्या म्हणाल्या.

तेजलने आकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. "तंबोरा जुळला, ताई."

बसवराज कधी आला, काय ठेवून गेला, कुणी सांगितलं नाही. कुमुदताईंनी डावा हात पुढे केला आणि वाफाळता चहा उचलला.